कार्टर फॅमिली, डर्ट बँड की चॉकलेट ड्रॉप्स: सुरुवात कुठून करायची?

भाचीनं गिटार शिकायला घेतली त्याला दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात तिचा फोन. "मामा, तू ती अमेरिकन खेड्यातली गाणी ऐकतोस ना, त्यातलं मला एक सांग. एकच. यादी नको." यादी नको हे तिनं दोनदा बजावलं, कारण मागच्या खेपेला मी चाळीस गाणी पाठवली होती आणि तिनं त्यातली तीन ऐकली होती.

मी दोन दिवस मागून घेतले. शेवटी गाडी तीन नावांवर अडली: कार्टर फॅमिली, निटी ग्रिटी डर्ट बँड आणि कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स. पहिल्यांची कारकीर्द 1927 ते 1943. दुसऱ्यांची 1966 पासून जवळजवळ साठ वर्षं. तिसऱ्यांची 2005 पासून जेमतेम नऊ-दहा वर्षं. तिघांच्या मुळाशी अमेरिकेच्या आग्नेय भागातलीच जुनी गाणी आहेत. पण ती गाणी त्यांच्या हाती आली कशी आणि त्यांनी त्यांचं केलं काय, यात इतका फरक आहे की तिघांना एका दमात 'फोक' म्हणून मोकळं होता येत नाही. भाचीसारखा प्रश्न आणखी कुणाला पडला असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक खुलासा करतो, नाहीतर घोळ होईल. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजतो तो 'बेंजो' म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुल तरंग. तो इथे नाही. इथला बँजो म्हणजे लांब दांडी, खाली डफासारखं कातडं ताणलेलं आणि पाच तारा. पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्येच बसवलेली असते आणि ती अंगठ्यानं एकाच स्वरावर वाजत राहते. सतारीच्या चिकारीची आठवण झाली तर ती बरोबर आहे. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. सेरा कार्टरच्या हातात असायचं ते ऑटोहार्प आपल्या स्वरमंडळाच्या जवळचं, फक्त वर पट्ट्या असतात. पट्टी दाबली की नको त्या तारा गप्प होतात आणि हव्या त्या सुरांचा झंकार तेवढा उठतो.

आता कार्टर.

ब्रिस्टल हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत अर्धं-अर्धं आहे. हद्द स्टेट स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या मधोमध जाते. 1927 च्या जुलैअखेरीला व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीसाठी काम करणारा राल्फ पिअर तिथल्या एका जुन्या टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत ध्वनिमुद्रणाची यंत्रं लावून बसला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर ब्लँकेटं टांगलेली. 1 ऑगस्टला क्लिंच डोंगराच्या कुशीतल्या मेसेस स्प्रिंग या वस्तीतून तिघं आली. ए. पी. कार्टर, त्याची बायको सेरा आणि मेबेल. मेबेल नात्यानं सेराची मावसबहीण आणि ए. पी.च्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे जाऊसुद्धा. वय 18, पोटात पहिलं मूल, दिवस भरत आलेले. सेराबरोबर अंगावर पिणारं तान्हं पोर. उसन्या मोटारीनं कच्च्या रस्त्यावरून आलेल्या या मंडळींनी त्या संध्याकाळी चार गाणी म्हटली, दुसऱ्या सकाळी आणखी दोन. गाण्यामागे 50 डॉलर, म्हणजे सहा गाण्यांचे 300.

दुसऱ्या सकाळच्या दोन गाण्यांपैकी एकात फक्त बायका आहेत, ए. पी.चा आवाज नाही. गाणं असं की बिनलग्नाची मुलगी दुकानात जाऊन हवं ते घेते आणि लग्न झालेली पाळणा हलवत रडते. सेराला हे गाणं आवडत नव्हतं, पिअरनं ते तिच्याकडून म्हणवून घेतलं. आपल्या आजीच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला त्यात नवं काही सांगायला नको. सेराचा आवाज तसाच आहे: जाड, सरळ, रडका अजिबात नाही. दुःख सांगते, पण त्याचं प्रदर्शन मांडत नाही.

भाचीच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे ती मेबेल. तिच्या आधी अशा मंडळींत गिटार बहुतेक मागे बसून ठेका धरायची. मेबेलनं अंगठ्यानं खालच्या सुरांच्या जाड तारांवर गाण्याची चाल वाजवली आणि त्याच वेळी तर्जनीनं बारीक तारांवर वर-खाली फटकारे मारून ताल धरला. एकाच हातात चालही आणि तालही. याला 'कार्टर स्क्रॅच' म्हणतात. 1928 मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डन इथे ध्वनिमुद्रित झालेलं 'वाइल्डवूड फ्लॉवर' ऐकलं की हे लगेच कळतं. त्याच वर्षी तिनं गिब्सन कंपनीची एल-5 ही गिटार घेतली, 275 डॉलरला. ब्रिस्टलच्या त्या दोन दिवसांत तिघांना मिळून जे मिळालं, जवळपास तेवढी एका गिटारची किंमत. डोंगरातल्या घरात हे पैसे कुठून कसे जमले असतील याचा विचार केला की त्या वाद्याबद्दल तिला काय वाटत असेल ते कळतं. पुढचं सगळं आयुष्य तिनं तीच वाजवली.

आता या गटाची दुसरी बाजू. पिअरचा धंदा असा होता की गाण्याचे हक्क आपल्या प्रकाशनाकडे घ्यायचे आणि त्यावरच्या कमाईतला वाटा गायकाला द्यायचा. त्यासाठी गाणं आधी कुणाच्या नावावर नोंदलेलं असून चालत नसे. म्हणून ए. पी. कार्टर नव्या गाण्यांच्या शोधात वाड्या-वस्त्या पालथ्या घालू लागला. घरोघरी जायचं, म्हातारीकोतारी माणसं काय गुणगुणतात ते ऐकायचं, शब्द कागदावर उतरवायचे. चाल मात्र त्याच्या लक्षात राहत नसे. ते काम लेस्ली रिडलचं. रिडल हा टेनेसीतल्या किंग्जपोर्टचा कृष्णवर्णीय गिटारवादक, सिमेंटच्या कारखान्यात अपघात होऊन एक पाय गमावलेला. त्या काळच्या दक्षिणेत एक गोरा आणि एक काळा माणूस मिळून गाणी गोळा करत हिंडतायत, हे चित्र साधं नाही. काळ्या वस्त्यांत ए. पी.ला दारं उघडली ती रिडलमुळे. मेबेलही त्याच्याकडून काही गोष्टी शिकली, हे तिनं स्वतः सांगितलं. गाण्यांवर नाव मात्र ए. पी. कार्टरचं. रिडल पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेला आणि विस्मरणात गेला. 1960 च्या दशकात माइक सीगर या लोकसंगीत गोळा करणाऱ्या गायकानं त्याला शोधून काढून त्याचं वाजवणं मुद्रित केलं.

मी कार्टरांचा भक्त आहे, तरी हे लपवून शिफारस करणं मला जमत नाही. आपल्याकडेही लोकगीत गोळा करणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर आणि गाणारणीचं कुठेच नाही, असं कितीदा होतं.

गटाचा शेवट घरगुती झाला. सेरा आणि ए. पी. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळे राहू लागले, 1936 मध्ये घटस्फोट झाला, पण ध्वनिमुद्रणाला दोघं एकत्र उभी राहत होती. 1938 पासून ही मंडळी टेक्सासच्या हद्दीपलीकडे, मेक्सिकोतल्या एक्सइआरए या प्रचंड ताकदीच्या रेडिओ केंद्रासाठी गायली. हे केंद्र जॉन ब्रिंकली या माणसाचं. पुरुषांना बोकडाच्या ग्रंथी बसवून तरुण करतो म्हणून त्यानं पैसा केला होता. अमेरिकेत असल्या केंद्राला परवाना मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मनोरा नदीपलीकडे. त्या भोंदूच्या जाहिरातींच्या मधल्या जागेत कार्टर घराघरांत पोचले. सेरानं 1939 मध्ये ए. पी.च्याच चुलतभावाशी लग्न केलं. 1943 नंतर मूळ तिघं थांबली. मेबेल आपल्या तीन मुलींना, हेलन, जून आणि अनिता यांना घेऊन गात राहिली. 1950 मध्ये त्या ग्रँड ओल ऑप्रीत, म्हणजे कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलच्या मोठ्या रेडिओ कार्यक्रमात, रुजू झाल्या. जूननं पुढे 1968 मध्ये प्रसिद्ध गायक जॉनी कॅशशी लग्न केलं. ए. पी. गावात वाण्याचं दुकान चालवत 1960 मध्ये वारला.

ऐकायला अडचण एकच, पण मोठी. सगळी गाणी तीन-तीन मिनिटांची, वाद्यं तीच, लय बरीचशी तीच, त्यात जुन्या तबकड्यांची खरखर. सलग आठ गाणी ऐकली की सवय नसलेला कान बंद पडतो. माझा स्वतःचा पहिला अनुभव असाच होता. दहाव्या गाण्यापर्यंत मी भाजी निवडायला उठलो होतो.

इथे डर्ट बँड उपयोगी पडतो.

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचची ही पोरं. 1966 मध्ये जमली, सुरुवातीला जग बँड, म्हणजे मातीचा घडा, वॉशबोर्ड असल्या घरगुती वस्तूंतून वाजवण्याची गंमत. पुढे गायक म्हणून गाजलेला जॅक्सन ब्राउन पहिले काही महिने त्यांच्यात होता. 1970 च्या अल्बममधलं 'मिस्टर बोजँगल्स' गाजलं आणि 1971 मध्ये ते राष्ट्रीय यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. म्हणजे बरं चाललं होतं. पण त्यांच्या कारकिर्दीतलं जे टिकलं ते त्यांनी स्वतः मागे सरकून केलं.

जॉन मक्यूएन या त्यांच्या बँजोवादकानं अर्ल स्क्रग्जला विचारलं, आमच्याबरोबर वाजवाल का. बँजोवर तीन बोटांची वेगवान पद्धत रूढ करणारे ते स्क्रग्ज. ते हो म्हणाले. मग एकेक जण येत गेला: अंध गिटारवादक डॉक वॉटसन, दुसरा नामवंत गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस, गायक जिमी मार्टिन, फिडलवर व्हॅसार क्लेमेंट्स, ऑप्रीचे बुजुर्ग गायक रॉय अकफ आणि 62 वर्षांची मेबेल कार्टर. ब्लूग्रासचे, म्हणजे याच संगीताच्या वेगवान बँजो-फिडलच्या शैलीचे, जनक बिल मन्रो यांनी मात्र नकार दिला. 1971 च्या ऑगस्टमध्ये नॅशव्हिलच्या वुडलँड स्टुडिओत ही मंडळी बसली. व्हिएतनामचा काळ, देशात केस वाढवलेली पोरं एका बाजूला आणि नॅशव्हिलचे बुजुर्ग दुसऱ्या बाजूला. अकफना या दाढीवाल्यांबद्दल शंका होती. वाजवणं ऐकल्यावर ती गेली.

कामाची पद्धत साधी: सगळ्यांनी एका खोलीत बसून एकदम वाजवायचं, मागाहून तुकडे जोडायचे नाहीत. आणि टेप बंद करायची नाही. त्यामुळे अल्बमवर गाण्यांच्या मधलं बोलणंही आलं. डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस यांची त्याआधी कधी भेट झाली नव्हती. वॉटसननी आपल्या मुलाचं नाव ट्रॅव्हिसवरून मर्ल ठेवलेलं. ती पहिली भेट तुम्हाला ऐकू येते: दोन मोठी माणसं, आवाज थोडे अवघडलेले, एकमेकांची तारीफ करता करता हळूच वाद्याकडे वळणारी. मैफलीआधीच्या खोलीत तंबोरे लागत असताना ज्येष्ठांचं बोलणं ज्यांनी ऐकलंय त्यांना हा मिनिटभराचा तुकडा सोन्यासारखा वाटेल. मी तो गाण्यांपेक्षा जास्त वेळा ऐकलाय.

तीन तबकड्यांचा हा संच 1972 मध्ये 'विल द सर्कल बी अनब्रोकन' या नावानं निघाला. शीर्षकगीत म्हणजे 1907 चं एक चर्चगीत. त्याचे शब्द बदलून कार्टरांनी 1935 मध्ये ते आईच्या अंत्ययात्रेचं गाणं केलं होतं. इथे ते मेबेलनं पुन्हा गायलं, सगळ्यांना बरोबर घेऊन. म्हणून डर्ट बँडपासून सुरू केलं तरी तुम्ही कार्टरांच्याच दारात जाता. फक्त आवाज स्वच्छ, वाद्यं जास्त, आणि दर गाण्याला गळा नवा. नवख्या कानाला हा फार मोठा दिलासा आहे.

बाकी डर्ट बँडबद्दल माझं मत जरा कडक आहे. साठ वर्षांच्या प्रवासात त्यांनी इतकी वळणं घेतली की सगळं ऐका असं मी कुणाला सांगणार नाही. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात नावातलं 'निटी ग्रिटी' काढून नुसतं 'डर्ट बँड' झाले आणि पॉपकडे झुकले. मग 1980 च्या दशकात कंट्री रेडिओवर चांगलं बस्तान बसलं. 1987 चं 'फिशिन इन द डार्क' कंट्री यादीत पहिलं आलं. चांगलं गुळगुळीत काम, गाडी चालवताना उत्तम. 1989 आणि 2002 मध्ये त्या 'सर्कल'चे दुसरे-तिसरे खंड काढले, त्यातला दुसरा चांगलाच आहे, पण पहिल्यातला अवघडलेपणा त्यात नाही आणि मजा तर त्या अवघडलेपणातच होती. 2024 मध्ये त्यांनी निरोपाचा दौरा सुरू केला. पोट भरून, माणसं बदलत, इतकी वर्षं एक गट चालवणं ही कर्तबगारी आहेच. कार्टरांना ते जमलं नाही, ड्रॉप्सना तर नाहीच.

आणि पहिल्या 'सर्कल'च्या पाहुण्यांची नावं पुन्हा वाचा. सगळे गोरे. ज्या संगीतात बँजो आफ्रिकेतून गुलामांबरोबर आला, ज्यात रिडलसारख्यांचा हात होता, त्याचे बुजुर्ग गोळा केले तेव्हा एकही काळा माणूस त्या खोलीत नव्हता. कुणी दुष्टपणानं टाळलं असं मला वाटत नाही. तोपर्यंत 'या संगीताचे बुजुर्ग' म्हटलं की नॅशव्हिलला तेवढेच चेहरे आठवत होते.

चॉकलेट ड्रॉप्स तिथून सुरू होतात. 2005 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या बून इथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा एक मेळावा झाला. त्यात रिॲनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन एकमेकांना भेटले. मग दर गुरुवारी हे तिघे त्याच राज्यातल्या मेबन गावी जो थॉम्पसन यांच्या घरी जाऊ लागले. थॉम्पसन तेव्हा ऐंशीच्या पुढे. वडिलांकडून फिडल शिकलेले, चुलतभाऊ ओडेलच्या बँजोबरोबर आयुष्य वाजवलेलं, आणि त्या भागातल्या काळ्या फिडलवादकांच्या परंपरेतले शेवटच्या काहींपैकी एक. शिकवणं असं काही नव्हतं. ते वाजवायचे, ही मुलं त्यांच्याबरोबर वाजवायची, चुकायची, पुन्हा वाजवायची. आपल्या तालमीच्या बैठकीला इतकं जवळचं दुसरं काही मला या संगीतात सापडलेलं नाही. गिडन्स ओबर्लिनमध्ये ऑपेरा गायन शिकून आली होती, म्हणजे गळा पक्का तयार. तिनं तो तयार गळा बाजूला ठेवून एका शेतकरी घरातल्या म्हाताऱ्यापुढे नवशिक्यासारखं बसणं पत्करलं.

2010 च्या त्यांच्या अल्बमला पारंपरिक लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं. त्यात घड्याचा घुमार आहे, बोटांत धरून वाजवायची हाडं आहेत (चिपळ्यांसारखी कडकड, पण फार वेगवान), आणि ब्लू कँट्रेलचं 2001 मधलं एक रेडिओवर गाजलेलं गाणंही आहे, फिडल आणि तोंडानं काढलेल्या तालावर. भाचीच्या वयाच्या कुणालाही हे पहिल्या फटक्यात आवडतं. कार्टरांची गाणी बसून ऐकायची; ही ऐकताना पाय हलतो, कारण मुळात ती नाचाची आहेत. हा फरक निवड करताना लक्षात ठेवा. शब्द आणि कथा हवी असेल तर कार्टर, ताल हवा असेल तर ड्रॉप्स.

अडचण ही की माल थोडा. रॉबिन्सन 2011 मध्ये बाहेर पडला, 2012 चा अल्बम वेगळ्या माणसांबरोबर झाला, 2013 मध्ये फ्लेमन्स गेला आणि मग गिडन्स स्वतःच्या वाटेनं. जो थॉम्पसन 2012 मध्ये वारले. गट म्हणून ऐकायचं ते दोन-तीन रविवारी संपतं. त्यानंतर गिडन्सच्या मागे जावं लागतं, आणि तिची वाट लांबवर जाते: 2017 मध्ये मॅकआर्थर फेलोशिप, 2023 मध्ये मायकल एबल्सबरोबर लिहिलेल्या 'ओमार' या ऑपेराला पुलित्झर, 2024 मध्ये बियॉन्सेच्या 'टेक्सस होल्डेम'च्या सुरुवातीचा बँजो. तो बँजो जगभर वाजला, तुम्ही रिक्षात बसल्या बसल्या ऐकलाही असेल. 2025 च्या एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्याच डरहॅमला जुनी मंडळी पुन्हा एका मंचावर आली.

तर निवड. गाणं नुसतं ऐकायचं आहे आणि हे सगळं नवं आहे, तर 1972 चा 'सर्कल' घ्या. पहिलं गाणं आवडलं नाही तरी मेबेल येईपर्यंत थांबा. घरात विशी-बाविशीचं कुणी असेल आणि त्यालाही ओढायचं असेल, तर ड्रॉप्सचा 2010 चा अल्बम. कार्टरांकडे थेट जावं ते हातात गिटार असलेल्यांनी आणि जुन्या खरखरीची सवय असलेल्यांनी. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना त्रास होणार नाही. एका बैठकीला चार गाण्यांच्या वर जाऊ नका.

भाचीला मी शेवटी 'वाइल्डवूड फ्लॉवर' पाठवलं, एवढंच एक. सोबत कार्टरांबद्दल चार ओळी. आठवडाभर काही उत्तर नाही. मग एका रात्री तिनं बारा सेकंदांचं वाजवून पाठवलं. अंगठा बरोबर तारेवर पडत होता, तर्जनी अजून भलतीकडेच. खाली विचारलं होतं, "मामा, हा लेस्ली रिडल कोण? त्याचं नाव कुठल्याच गाण्यावर दिसत नाही."

मी तिला चॉकलेट ड्रॉप्स पाठवलं.